उद्या पहिला नंबर तुमचा

१

सोमवारी सकाळी बरोबर साडेआठला बाबांनी तपासणीच्या खोलीचं दार उघडलं, समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नेक्स्ट, प्लीज."

मी चहाचा कप घेऊन जिन्यात उभी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, रिटायर होऊन त्यांना सोळा वर्षं झाली, पेशंट आता गावाबाहेरच्या हेल्थ सेंटरला जातात. पण ही हाक ऐकल्याशिवाय आमच्या घरात दिवस उजाडल्याचं मला आठवत नाही.

हॅगथॉर्प हे डर्बीशरमधलं कोळशाच्या खाणीचं गाव. खाण होती तेव्हाचं म्हणतेय मी. बाबा इथे पंचाहत्तर साली पुण्याहून आले, आईला घेऊन, 'दोन वर्षं काढू आणि परत जाऊ' म्हणून. घर म्हणजेच दवाखाना. पुढच्या खोलीत पेशंट बसायचे, मागच्या खोलीत बाबा तपासायचे, वरच्या मजल्यावर आम्ही. पुढच्या खोलीत भिंतीला लागून एक लांबलचक लाकडी बाक होता, पाडलेल्या चॅपलमधून कुणीतरी आणून दिलेला. त्यावर आठ माणसं बसत. अपॉइंटमेंट नाही, चिठ्ठी नाही, रिसेप्शनिस्ट तर नाहीच. नवा माणूस आत आला की दारातूनच विचारायचा, "हूज लास्ट?" जो शेवटचा असेल तो नुसतं बोट वर करायचा. एक जण आत गेला की बाकावरचे सगळे एकेक जागा पुढे सरकायचे. जाड विजारी लाकडावर घासल्याचा तो आवाज ऐकत मी गृहपाठ केला, आजीला पत्रं लिहिली, वाढले.

आणि दिवसाची पहिली हाक रिकामी जायची. बाबा 'नेक्स्ट' म्हणायचे, बाकावरचं कुणी हलायचं नाही, बाबा दार धरून मिनिटभर थांबायचे आणि दार लावून घ्यायचे. मग पुन्हा दार उघडून हाक मारली की खरा पहिला पेशंट उठायचा. तपासणीच्या दाराला लागून, खोली गरम ठेवणाऱ्या गॅसच्या शेगडीजवळची पहिली जागाही मोकळीच असायची, मग बाहेर कितीही थंडी असो. मला वाटायचं सगळ्याच डॉक्टरांकडे अशी पद्धत असते. मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागले तेव्हा कळलं की नसते. पण घरच्या सवयींना कारणं कोण विचारतं?

शुक्रवारी दुपारी बाराला या घराच्या किल्ल्या नव्या मालकांना द्यायच्या होत्या. तोपर्यंत घर रिकामं करायचं आणि बाबांना माझ्याकडे न्यायचं, एवढं एकच काम घेऊन मी आले होते. ते व्हायलाच हवं होतं. गेल्या हिवाळ्यात बाबा दोनदा पडले, दुसऱ्या वेळी स्वयंपाकघराच्या फरशीवर सहा तास पडून होते. आई गेल्यापासून घरात दुसरं कुणी नाही. तिसऱ्यांदा पडले तर मला ते कुणीतरी फोन करून सांगेल, आणि तो फोन मला घ्यायचा नव्हता.

चहा संपवून मी पुन्हा खाली पाहिलं. बाबा अजून दार धरून उभे होते. लहानपणी एक मिनिट असायचं. आता चार मिनिटं झाली होती. नजर बाकाच्या पहिल्या जागेवर होती, बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर.

२

सामान बांधायला खोकी हवी होती म्हणून दुपारी गावात गेले. खाणीच्या जागेवर आता एक अवाढव्य गोदाम आहे, खिडक्या नसलेलं. गावच्या तोंडाशी खाणीचं मोठं चाक अर्धं सिमेंटात पुरून उभं केलंय, त्याच्याभोवती झेंडू लावलेत. काळ्या मातीचा डोंगर होता त्यावर गवत उगवलंय आणि लोक कुत्री फिरवतात. सगळं स्वच्छ आहे, छान आहे, आणि मला ते पाहून रडू येतं. माझ्या लहानपणी या गावाला घड्याळ लागत नसे; शिफ्टचा भोंगा झाला की आई कुकर लावायची. फूटपाथवर घरोघरच्या कोळशाचे ढीग टाकलेले असायचे आणि वाऱ्याची दिशा बघून बायका कपडे वाळत घालायच्या. पुरुषांच्या हातांवर, कपाळांवर निळ्या रेघा असायच्या. जखमेत कोळशाची पूड राहून ती तशीच भरून यायची. मी आईला विचारलं होतं की इथे पुरुष का गोंदवून घेतात.

चौऱ्याऐंशीच्या खाणकामगारांच्या संपात वेल्फेअर हॉलच्या स्वयंपाकघरात आईनं वर्षभर डाळीचं सूप ढवळलं. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही आणि तिनं त्याला मोहरी-हिंगाची फोडणी दिली. पुढचे कित्येक महिने हॅगथॉर्पचे खाणकामगार वाडगा पुढे करून 'डॉक्टरीणबाईंचं सूप' मागत होते. त्या हॉलचे आता फ्लॅट झालेत.

घरी येऊन मी पुस्तकांची सात खोकी भरली आणि बाकावर ओळीनं ठेवली, शेगडीपासून सुरुवात करून. शेवटची जागा मोकळी राहिली.

मंगळवारी सकाळी शेगडीजवळची जागा मोकळी होती आणि सातही खोकी एकेक जागा मागे सरकलेली होती.

"बाबा, खोकी तुम्ही हलवलीत?"

"मी? मला किटली धड उचलवत नाही."

"मग?"

"तिथे ठेवू नकोस गं," बाबा टोस्टला लोणी लावत म्हणाले. त्यांना काही आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

मी रेडिओग्राफर आहे. तेवीस वर्षं लोकांच्या छात्यांतल्या सावल्या बघतेय. सावली दिसली की घाबरायचं नसतं, तिचं कारण शोधायचं असतं. कारण मला लगेच सापडलंही. खाली बोगदेच बोगदे असल्यामुळे या गावातली सगळी घरं कलली आहेत. आमच्या पुढच्या खोलीत गोटी सोडली की ती आपोआप चालायला लागते. मग खोकी का सरकणार नाहीत?

मी ती परत होती तशी लावली आणि दुकानात जाऊन आले. खोकी पुन्हा एकेक जागा मागे गेली होती, मधलं अंतर अगदी सारखं ठेवून. मग मी खिशातली एक गोल मिंटची गोळी जमिनीवर सोडली. ती घरंगळत गेली ती शेगडीकडे.

म्हणजे खोकी चढाच्या बाजूला सरकली होती.

३

बुधवारी सकाळी दोन माणसं बाक न्यायला आली. शेजारच्या शहरातल्या छोट्या म्युझियममध्ये तो ठेवणार होते. मधलं सगळं मॉरीननं जुळवलं होतं. मॉरीन आमची शेजारीण, चौऱ्याऐंशी वर्षांची. गावाचा इतिहास जमवणारा जो गट आहे त्याची ती अध्यक्ष, सेक्रेटरी आणि बहुतेक वेळा एकमेव हजर सभासद. बाकाला हा मान तिनं अर्जविनंत्या करून मिळवून दिला होता, याचा तिला फार अभिमान होता.

मी खोकी खाली उतरवली. दोघांनी दोन टोकं धरली. रस्त्याच्या दाराकडचं टोक सहज उचललं गेलं. शेगडीकडचं टोक जागचं हललं नाही.

"भिंतीला ठोकलंय का?" त्या टोकाचा माणूस म्हणाला. त्यानं वाकून खाली पाहिलं, मागे हात घातला. खिळा नव्हता, स्क्रू नव्हता. त्यानं मित्राला बोलावलं, दोघांनी मिळून तेच टोक धरलं आणि जोर लावला. लाकूड करकरलं, एखादं बोट वर आलं आणि पुन्हा बसलं.

"कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय," तो हसत म्हणाला. त्याचा मित्र हसला नाही.

तेवढ्यात बाबा काठी टेकत दारात आले. "तो बाक आज राहू द्या," ते त्यांच्या स्वच्छ, जुन्या वळणाच्या इंग्रजीत म्हणाले. "त्यांना अजून तपासलेलं नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वडील म्हातारे झालेत, असं सांगणारा चेहरा मला आता छान जमतो. तो मी केला. शुक्रवारी अवजारं घेऊन येतो म्हणून ते निघून गेले. ते गेल्यावर मी स्वतः ते टोक उचलून पाहिलं. अलगद उचललं गेलं. मी ते पटकन खाली ठेवलं, आणि तोंडातून 'सॉरी' निघून गेलं.

४

"कुणाला तपासलेलं नाही?" मी मॉरीनला विचारलं. आम्ही तिच्या मागच्या अंगणात बसलो होतो. जून महिना, लख्ख ऊन.

मॉरीननं आधी कप खाली ठेवला. "तुला कधी सांगितलं नाही होय त्यांनी? तुझ्या आईनं, अनुराधानंही नाही?"

"नाही."

"क्लिफ बॅगशॉ," ती म्हणाली. "चाळिशीचा असेल. लग्न केलेलं नव्हतं, आई आणि तो. लाजाळू. समोरून आला की आधी टोपी काढायचा आणि मग जमिनीकडे बघत गुड मॉर्निंग म्हणायचा. जन्मात कधी डॉक्टरकडे गेला नव्हता, डक." इथे सगळ्यांना लाडानं डक म्हणतात, मी शेहेचाळीस वर्षांची असले तरी मॉरीनसाठी मी डकच. "त्या दिवशी आला. अकराला दहा कमी असताना. मीच शेवटची होते, म्हणून मी बोट वर केलं. माझा नंबर झाला, मी बाहेर आले तेव्हा एकटा तोच बाकी होता, सरकत सरकत शेगडीपाशी पोचलेला. मी कोट चढवत होते. डॉक्टर बाहेर आले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, 'आजची तपासणी संपली. मिस्टर बॅगशॉ, उद्या पहिला नंबर तुमचा.' क्लिफ म्हणाला, 'बरं डॉक्टर.' कुरकुर नाही, काही नाही. तसा तो दुपारच्या शिफ्टला खाली गेला. साडेचारला खाणीचं छत त्याच्यावर कोसळलं."

माश्या घोंघावत होत्या. मॉरीननं बिस्किटांवर रुमाल टाकला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे आलो. त्या जागेवर कुणी बसलं नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. साडेआठला डॉक्टरांनी दार उघडून हाक मारली, आणि कुणी उठलं नाही. काय करणार? पहिला नंबर त्याला दिलेला होता. मग ते तसंच चालू राहिलं. संप झाला, खाण बंद झाली, माणसं गेली. तरी चालूच."

"कधीची गोष्ट ही?"

"एकोणऐंशी. तेवीस जानेवारी. बर्फ गुडघाभर. तुझ्या आईनं सगळ्या गल्लीला पिवळे गोड गोळे वाटले होते त्या दिवशी, मला पक्कं आठवतंय."

बेसनाचे लाडू. माझा जन्म बारा जानेवारीचा. बारावा दिवस कुठला, हे मोजायला मला बोटं लागली नाहीत. बाबांनी त्या सकाळी घड्याळ पाहिलं ते माझ्या बारशासाठी. वर पाळणा सजवून पाहुणे खोळंबले असणार, आई हाका मारत असणार. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि कुणाची तरी माफी मागावीशी वाटली. माझ्याशिवाय त्यात दोषी असं कुणीच नव्हतं, आणि मी तर बारा दिवसांची होते.

५

गुरुवारी बाबांनी सांगून टाकलं की ते येणार नाहीत.

तपासणीच्या खोलीत ते त्यांच्या जुन्या खुर्चीत बसले होते. खोलीत आता खुर्ची, टेबल आणि तपासायचा पलंग एवढंच उरलं होतं. मी जमिनीवर बसून वायरी गुंडाळत होते.

"बाबा, उद्या बाराला घर त्यांचं होणार. सह्या झाल्यात. तुम्हीच केल्यात."

"ते लोक चांगले आहेत. पण ते हाक मारणार नाहीत."

"कुणाला?" मी मुद्दाम विचारलं. मग मीच म्हणाले, "मॉरीननं सांगितलंय मला."

"मला एकच कळत नाही, कस्तू. त्याचं काय दुखत होतं? मी त्याची फाइल काढून पाहिली. कोरी. चाळीस वर्षांत कधी न आलेला माणूस बर्फातून चालत येतो म्हणजे तसंच काही असणार ना? दोन मिनिटांचं काम होतं. ब्लड प्रेशर जरी जास्त निघालं असतं तरी मी सिक नोट दिली असती. तो त्या शिफ्टला गेलाच नसता."

"छत पडलं त्याला तुम्ही काय करणार?"

"तेच सगळे म्हणाले. तुझी आईही म्हणाली."

"आणि तो अजून येतो असं तुम्हाला वाटतं."

"येत नाही गं," बाबा साधेपणानं म्हणाले. "बसलाय."

मी हातातली वायर खाली ठेवली. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटशी वाद घालायचा नसतो, हे मी नवख्या स्टाफला शिकवते. पण बाबांना स्मृतिभ्रंश नाही. शब्दकोडी ते अजून पेननं सोडवतात.

"मग हाक मारल्यावर तो आत का येत नाही?"

"मी नाव घेत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "नुसतं 'नेक्स्ट' म्हटलं की तो वाट बघत राहतो. लाजाळू आहे ना. त्याला वाटत असेल, दुसऱ्या कुणाला बोलावताहेत. इतकी वर्षं मी एकदाही नाव घेऊन बोलावलं नाही."

"का?"

"आला तर?" बाबा म्हणाले. "त्याला काय सांगू?"

ते रडत नव्हते, पण चष्मा पुसणारा हात थांबत नव्हता. मी उठून त्यांना जवळ घेतलं. त्यांच्या खांद्यांची हाडं हाताला लागली, आणि मी त्याच क्षणी ठरवलं की उद्या खोटं बोलायचं.

६

शुक्रवारी बाबांनी टाय बांधला. साडेआठला मी त्यांना म्हणाले, "आज तुम्ही उठू नका. हाक मी मारते." त्यांचं कंबरेचं दुखणं सकाळी जास्त असतं, ते खुर्चीत बसून राहिले. माझ्याकडे मात्र नीट निरखून पाहिलं.

मी पुढच्या खोलीत गेले. पडदे काढलेले असल्यानं ऊन थेट जमिनीवर पडलं होतं. रस्त्यावरचं दार मी रात्रीच आतून कडी घालून बंद केलेलं होतं. बाकावर कुणी नव्हतं. मनातल्या मनात मी जुळवणी केली: नाव पुकारायचं, बाजूला व्हायचं, कुणी गेल्यासारखं करायचं, दार लावायचं. बाबा आत त्यांच्या मनातलं काय ते बोलून घेतील, आणि मग आम्ही गाडीत बसू. नाटकच, पण त्यानं कुणाचं नुकसान होत नव्हतं.

एक्स-रेच्या वेटिंग रूममध्ये लावते तो आवाज मी लावला. "मिस्टर बॅगशॉ? क्लिफर्ड बॅगशॉ? डॉक्टर तुम्हाला आता बघतील."

बाक करकरला. रस्त्याच्या दाराकडचं टोक किंचित खाली बसलं, शेगडीकडचं किंचित वर आलं. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं ठरवलं. जुनं लाकूड, सकाळचं ऊन, उष्णतेनं फुगतंच. मी ठरल्याप्रमाणे बाजूला झाले. तपासणीच्या खोलीचं दार धरून उभी राहिले. माझ्या अंगावरून गारवा गेला आणि त्याच्यामागून ओल्या लोकरीचा वास, बर्फात भिजलेला कोट शेगडीपाशी वाळायला ठेवला की येतो तो. मी पाच अंक मोजून दार लावून घेतलं.

आतून बाबांचा आवाज आला. "या, मिस्टर बॅगशॉ. फार ताटकळत ठेवलं तुम्हाला. माफ करा."

मग शांतता. मग बाबांचं "हं." पुन्हा शांतता. "हं. हं." मग बाबा काहीतरी विचारत होते, आणि त्यांचं वाक्य मध्येच तुटत होतं, समोरचा बोलायला लागला की आपण थांबतो तसं. मग ते हसले. बाबांचं असं हसणं मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

त्या दाराला धुरकट काच आहे. मला बघायचं नव्हतं, पण बघणं हाच माझा धंदा. काचेत बाबांचा पांढरा शर्ट पुढे झुकलेला दिसत होता. त्याच्या पुढ्यात आणखी काहीतरी होतं, खांद्यांच्या रुंदीचं. दोन शरीरं एकमेकांवर आली की सावली कुठे गडद होते ते मी झोपेतही सांगेन. ती तिथे गडद झाली होती. मी मान फिरवली आणि रस्त्यावरच्या उन्हाकडे बघत राहिले.

दार उघडलं. बाबा एकटेच दारात होते, काठीशिवाय. डोळे ओले, चेहरा मात्र एखाद्या तरुण माणसासारखा मोकळा.

"कस्तू, तो आजारी नव्हता गं," ते म्हणाले. "अगदी ठणठणीत होता. त्याला डॉक्टरकडे यायचंच नव्हतं."

"मग?"

"इथे पद्धत आहे. नवं बाळ पहिल्यांदा बघायला गेलं की त्याच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवायचं. बाळानं मूठ घट्ट धरली तर त्याला आयुष्यात काही कमी पडत नाही म्हणतात. तुला बघायला आला होता तो. सगळ्यांसमोर वर जायची लाज वाटत होती, म्हणून शेवटपर्यंत बसून राहिला. आणि मी त्याला म्हटलं, उद्या या." बाबांनी खिशातून रुमाल काढला. "मी त्याला तपासलं असतं तरी तो खाली गेलाच असता. ऐकतेस ना? तो गेलाच असता."

मी मान हलवली. बाबांसाठी मला इतकं बरं वाटत होतं की त्या क्षणी मी दुसरं काही विचारलं नाही.

"हात पुढे कर," बाबा म्हणाले.

"बाबा, आता..."

"कस्तू. तो शेहेचाळीस वर्षं थांबलाय."

मी डावा हात पुढे केला. सकाळचे नऊ वाजायला आले होते, बाहेर कुणाचं तरी लॉन कापायचं मशीन चालू होतं, आणि मी, दोन मुलांची आई, रिकाम्या खोलीत हात पसरून उभी होते. आधी गारवा आला. मग हाताखालून एक मोठा, खरबरीत तळवा आला. त्यानं माझ्या हाताचं वजन तोललं, जपून, अगदी लहान काहीतरी उचलावं तसं. मग माझी बोटं एकेक करून मिटली गेली. करंगळी आधी, अंगठा शेवटी. तेवढ्यात मी खाली पाहिलं. माझ्या हातावर एक अंगठा होता, रुंद, आणि त्याच्या पेरावर निळी रेघ. पापणी लवली तेव्हा नुसतं ऊन होतं.

"थँक यू, मिस्टर बॅगशॉ," बाबा म्हणाले. "पायरी जपून उतरा. बर्फ आहे."

रस्त्यावरच्या दाराची कडी मी बघत होते. ती हलली नाही, दारही उघडलं नाही.

७

बाबांनी मग मुळीच त्रास दिला नाही. त्यांनी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली, आईच्या स्वयंपाकघरात थोडे थांबले, मॉरीनचा निरोप घेतला. ती खूप रडली, बाबा मात्र तिची समजूत काढत होते. बाक न्यायला ती दोन माणसं आली आणि त्यांनी तो सहज उचलून व्हॅनमध्ये ठेवला. "परवा काय झालं होतं कुणास ठाऊक," त्यातला एक म्हणाला. बारा वाजता मी किल्ल्या दिल्या.

गाव मागे पडेपर्यंत बाबा एकेक घर ओळखीनं सांगत राहिले: इथे हा राहायचा, ट्रंबोन वाजवायचा, इथे हिची तीन बाळंतपणं मी केली, इथे संपात शेवटचा कोळसा शेजाऱ्याला देऊन टाकणारी म्हातारी. चाक दिसेनासं झाल्यावर ते झोपले. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. इतकी निवांत झोप मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती, आणि जे केलं ते बरंच केलं असं मला मनापासून वाटलं.

मँचेस्टरपर्यंतचा डोंगरातला सगळा रस्ता मी एका हातानं गाडी चालवली. गाडी ऑटोमॅटिक आहे म्हणून जमलं. डावा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली. हीटर पूर्ण लावूनही तो गार होता.

अतुल, माझा नवरा, गेटपाशीच उभा होता. त्यानं बाबांना हळूच जागं करून उतरवलं, आत सोफ्यावर बसवलं, त्यांची बॅग नेली आणि माझ्या बाजूला येऊन दार उघडलं. मी हलले नाही.

"अगं चल ना. काय झालं? मूठ का अशी आवळून धरलीयेस?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. मी जोर लावलेलाच नव्हता. बोटं सैल होती, केव्हाची उघडली असती.

"हात दे इकडे," अतुल म्हणाला.

"जरा थांब," मी म्हणाले. "त्यानं अजून सोडला नाहीये."